तिसरी खुंटी

"अहो, पाकीट उघडताय की कुणाचं प्रेमपत्र?" काकूंनी विचारलं.

किटलीच्या तोंडाशी, वाफेवर धरलेलं ते चौकोनी कागदी पाकीट खुंटीकाकांनी हलकेच फिरवलं. डिंक सुटला तशी नखाने कड उचलली आणि आतली तारांची सहा वेटोळी बाहेर काढली. पाकिटावर ठसठशीत नऊ छापलेला होता. नऊ नंबर म्हणजे पातळ तारा. त्यांच्या जागी काकांनी अकरा नंबरची, म्हणजे जाड तारांची वेटोळी सरकवली, कडेवरून डिंकाचं बोट फिरवलं आणि पाकीट एका जाडजूड पुस्तकाखाली दाबून ठेवलं. काढलेली पातळ वेटोळी त्यांनी शर्टाच्या खिशात कोंबली.

"डब्यात टाका ना ती," काकू म्हणाल्या. "डबाही भरलाय म्हणा आता. बारा वर्षांच्या तारा! कपडे वाळत घालायचे म्हटले तर अख्ख्या गल्लीला पुरतील."

"आल्यावर टाकतो. उशीर होतोय."

"आणि हिचं काय?" काकूंनी टेबलावर आडव्या पडलेल्या काळ्या गिटारकडे हनुवटी उडवली. ती बँडची सगळ्यात जुनी गिटार. तिला सगळे थोरली म्हणत. "तिसऱ्या खुंटीला तेल घाला आधी. काल दिवसभर किरकिरत होती कार्टी. माझे दात आंबले."

"घालतो."

घातलं नाही. पुस्तकाखालचं पाकीट सुकेपर्यंत चहा झाला, चहा होईपर्यंत दाराशी गाडी आली, आणि तेलाची बाटली खिडकीत राहिली ती राहिलीच.

खुंटीकाकांचा धंदा सांगायला सोपा आणि समजवायला अवघड. 'भट्टी' नावाच्या बँडच्या गिटारी ते सुरात लावून देत. भट्टीचं संगीत म्हणजे लोखंडावर लोखंड. पहिल्या दोन मिनिटांत म्हाताऱ्या माणसाने कानात बोटं घालावीत आणि तिसऱ्या मिनिटाला, का कोण जाणे, काढावीत. गाण्यागाण्याला गिटार बदलायची, वाजून वाजून उतरलेली काढून घ्यायची आणि ताजी लावलेली हातात द्यायची. मंचाच्या कडेला, पडद्याआड, एका स्टुलावर बसून काकांनी अडतीस वर्षं हे केलं. प्रत्येक गिटारला हात लावायच्या आधी ते मनातल्या मनात देवाचं नाव घेत. हजारो माणसं समोर नाचत असत आणि त्यातल्या एकालाही त्या स्टुलाचा पत्ता नसे.

काकूंची यावर एक ठरलेली थट्टा होती. "एवढ्या तबकड्या ऐकल्या मी तुमच्या. ढोल ऐकू येतात. तो तोफ्या तर शेजाऱ्यांनाही ऐकू येतो. तुम्ही कुठे वाजता हो?"

"मी नीट काम केलं की ऐकू येत नाही," काका म्हणत. "चुकलो, तर येईन."

आता त्या वाफेवरच्या लबाडीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

भट्टीत चौघे होते. गाणारा तो तोफ्या. नावाप्रमाणे छाती, नावाप्रमाणे आवाज. गिटारवाला सहाबोट्या, कारण पाच बोटांत तेवढं वाजवणं शक्य नाही अशी लोकांची खात्री होती. ढोलवाला धबाड्या. आणि चौथा खर्ज्या, तो खालच्या सुरांची जाड गिटार वाजवायचा. बोलायचा कमी, हसायचा त्याहून कमी, पण बाकीचे तिघे त्याच्यावर उभे असत, घर जोत्यावर उभं असावं तसे. पहिलं गाणं गॅरेजमध्ये बसवलं त्या दिवशी तारांचं पाकीट कुणालाच फुटेना, तेव्हा तोफ्याने ते दातांनी फोडलं आणि पहिली तार खुंटीकाकांच्या हातात ठेवली. त्या दिवसापासून तो शकुनच झाला. कार्यक्रम असो की ध्वनिमुद्रण, पाकीट तोफ्याच्याच दातांनी फुटायचं आणि पहिली तार त्याच्याच हातून यायची.

बारा वर्षांपूर्वी तोफ्याच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. आवाज परत आला, पण पूर्वीच्या शिडीची वरची पायरी सोबत आली नाही. आणि हे तोफ्याला सोडून सगळ्यांना कळलं. एके दिवशी तालमीनंतर खर्ज्या स्टुलापाशी आला आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. दुसऱ्या दिवशी काकांनी साऱ्या गिटारी अर्ध्या स्वराने खाली लावल्या. पेटीच्या भाषेत, पांढरी तीनची पट्टी होती ती काळी दोन झाली. चार वर्षांनी आणखी अर्धा. पांढरी दोन. तार उतरवली की ती सैल पडते, थरथरते. मग ती जाड घ्यावी लागते. आणि पाकीट तर तोफ्याच्या दातांनी फुटणार! त्यावर नऊच दिसायला हवा. म्हणून ती किटली, ती वाफ आणि तो डिंक.

तोफ्याला तारांमधलं ओ की ठो कळत नसे. तो आपला छाती फुगवून सांगे, "बघा, शस्त्रक्रिया झाली, पण पट्टी तीच! अडतीस वर्षं पांढरी तीन!" आणि लोक टाळ्या वाजवत. खर्ज्या पायाकडे बघे.

दोन वर्षांपूर्वी खर्ज्या गेला. झोपेतच गेला. जाण्यातही त्याने आवाज केला नाही.

स्टुडिओत पोचल्यावर काकांनी थोरली खोक्यातून काढली. सकाळचे दहा वाजले होते. मोठी खोली, भिंतींना जाड घोंगड्यासारखं काहीतरी लावलेलं, मधोमध मायक्रोफोन आणि समोर काच. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसली होती. तिशीची, चटपटीत, केसांत पेन्सिल खोचलेली. हिच्या जन्माआधी भट्टीची पहिली तबकडी आली होती, म्हणून तिघांनाही तिच्याशी बोलताना उगाचच वडीलधारं व्हायला होई.

"ऐक गं पोरी," तोफ्या म्हणाला. मधाचं कोमट पाणी घोटघोट पीत तो येरझाऱ्या घालत होता. "हे गाणं आमच्या नेहमीच्या गाण्यांसारखं नाही. संथ आहे. ढोल नाहीत."

"म्हणजे मी नुसता बसायला आलोय," धबाड्या म्हणाला. "घरी बायको म्हणाली, भाजी तरी निवडा."

"गप रे. तर पोरी, हे खर्ज्यासाठी आहे. त्याची जागा कुणी भरायची नाही. खालचे सूर रिकामे ठेवायचे. एक गिटार आणि मी, बस्स. आणि याची सुरुवात कशी करायची, हे मी रात्रंदिवस विचार करून ठरवलंय. आमच्या पहिल्या तबकडीतलं शेवटचं गाणं आहे ना, त्याचा शेवटचा आलाप. चौघांनी मिळून तो धरला होता. मी वर, खर्ज्या खाली. तो आलाप तू जुन्या टेपवरून वाजवायचास. तो विरत आला की त्यातूनच मी हे गाणं उचलणार. चोवीस वर्षांचा मी थांबतो आणि बासष्टचा मी सुरू होतो. त्याच पट्टीत. एकाच श्वासात असल्यासारखं. कळलं?"

"झालं याचं निरूपण सुरू," सहाबोट्या पुटपुटला. तोफ्या प्रत्येक गाण्याआधी असंच लांबलचक बोलत असे. त्या बोलण्यातच काकांना गिटार बदलायला वेळ मिळे, म्हणून ते कुणी थांबवत नसे.

खुंटीकाका मात्र हसले नाहीत. त्याच पट्टीत. जुन्या टेपवर पांढरी तीन आणि मांडीवरची थोरली पांढरी दोनवर! त्यांनी सहाबोट्याकडे पाहिलं. सहाबोट्याने छताकडे पाहिलं.

"कल्पना छान आहे सर," रेकॉर्डिस्ट म्हणाली.

पाकीट फोडायचा शकुन झाला. तोफ्याने दातांनी नऊच्या पाकिटाची कड तोडली आणि आतली अकराची तार काकांच्या हातावर ठेवली. "लाव, खुंट्या. नीट लाव. आज त्याला ऐकवायचंय."

काकांनी देवाचं नाव घेतलं आणि तारा चढवल्या. पांढरी दोनवरच लावल्या. दुसरं काय करणार? बारा वर्षांची सवय हातात होती आणि दुसरा मार्ग डोक्यात येत नव्हता.

टेप सुरू झाली. खोलीभर तो जुना आलाप पसरला. चार कोवळे आवाज, आणि त्यांच्या तळाशी खर्ज्याचा, जमिनीतून यावा तसा. धबाड्याने टोपी काढली. आलाप विरू लागला, तोफ्याने डोळे मिटले, सहाबोट्याने पहिला झंकार दिला, आणि दोन्ही एकमेकांवर असे आदळले की सगळ्यांनी मान आक्रसली.

"थांबव, थांबव!" तोफ्या ओरडला. "ती टेप जोरात फिरतेय. जुनं मशीन असेल."

रेकॉर्डिस्टने काहीतरी तपासलं. "टेप बरोबर आहे सर. गिटार एक स्वर खाली आहे."

तिचा काय दोष? तिला समोर दिसलं ते ती बोलली.

तोफ्या वळला. "खुंट्या?"

काका स्टुलावरून उठले.

"अरे, एक स्वर! अडतीस वर्षांत तुझी गिटार केसभर हलली नाही. आजच नेमकी? आजच्या दिवशी?" आणि मग त्याने जे केलं ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. तो मायेने बोलला. "असू दे. होतं रे. वय झालं आपलं. कान दाखवून घे तू एकदा. मी येईन बरोबर."

काकांच्या आयुष्यात अभिमानाची एकच गोष्ट होती, तो कान. तीच त्यांनी सोडून दिली.

"हो," ते म्हणाले. "चुकलं माझं. लावतो वर."

जाड तारा एक स्वर वर चढवताना तिसरी खुंटी बोंबलली. सहाबोट्याने गिटार हातात घेतली, एकदा दाबून पाहिली आणि बोटं झटकली. "लोखंडी कुंपण झालंय हे," तो म्हणाला, पण हळूच.

पुन्हा टेप. पुन्हा तो आलाप. या वेळी गिटार त्यात अशी मिसळली की सांधा दिसेना. तोफ्या गाऊ लागला. पहिलं कडवं खालच्याच सुरांत होतं.

*चढताना पायऱ्या मोजल्या नाहीत,*
*उतरताना एकेक आपलं नाव सांगते आहे.*

काकांनी हे शब्द पहिल्यांदाच ऐकले. दुसरं कडवंही निभावलं, कसंबसं. तिसऱ्याच्या शेवटी तो वरचा सूर होता, जुन्या आलापाचाच. तोफ्याने श्वास घेतला, मान उचलली आणि आवाज मधेच तुटला. वाळलेली फांदी तुटावी तसा.

"पुन्हा," तोफ्या म्हणाला.

पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तर सूर निघालाच नाही, नुसती हवा आली.

तोफ्या खुर्चीवर बसला. ज्या माणसाला अडतीस वर्षांत कुणी बसून गाताना पाहिलं नव्हतं, तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला.

"गेला," तो म्हणाला. "गळा गेला माझा. गेल्या आठवड्यात याच पट्टीत गायलो रे मी. पाच हजार माणसांसमोर. हाच सूर. लागला होता ना? तुम्ही होतात ना सगळे?"

सहाबोट्याने थोरली मांडीवर आडवी ठेवली.

"एका आठवड्यात असं होत नाही. हे काहीतरी वाईट आहे. पहिल्यापेक्षा वाईट." त्याचा हात गळ्याकडे गेला, शस्त्रक्रियेची खूण होती तिथे. "पोरी, बंद कर मशीन. घरी जा सगळे. हे गाणंही नको आणि पुढचे कार्यक्रमही नकोत. मी डॉक्टरला फोन करतो."

खुंटीकाकांनी तो हात पाहिला. कापत होता. बारा वर्षांपूर्वी दवाखान्याच्या बाकावर त्यांनी तो असाच कापताना पाहिला होता, आणि तो पुन्हा कापू नये म्हणूनच तर सगळं चाललं होतं. आणि आता तीच लबाडी त्याला आजारी पाडायला निघाली होती.

"तोफ्या," ते म्हणाले. "फोन करू नकोस. गळा आज नाही गेला."

"मग?"

"गेल्या आठवड्यात तू या पट्टीत गायला नव्हतास. बारा वर्षांत एकदाही नाही. पहिली चार वर्षं अर्धा स्वर खाली होतास. नंतर एक. मी उतरवत होतो. सकाळी कान चुकला नव्हता माझा. मी खोटं बोललो."

तोफ्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू घरातलं कपाट बोलू लागलंय.

"पाकीट तर मी फोडतो. नऊचं."

"आत अकरा असतात. किटलीच्या वाफेवर उघडतो मी. बायकोला माहीत आहे."

"तुला?" तोफ्याने सहाबोट्याला विचारलं.

"माझ्या बोटांना पहिल्याच दिवशी कळलं," सहाबोट्या म्हणाला. "सालं वाटलं, बोलावं तर कशाला?"

"आणि तुला?"

"मला आत्ता कळलं," धबाड्या म्हणाला. "मला पट्टीतलं काय कळतं? मी ढोल बडवतो." आणि खरंच, त्याच्या चेहऱ्यावर तेवढंच होतं.

तोफ्या उठला, दार उघडलं आणि बाहेर गेला. दाराला लावलेल्या घोंगड्यामुळे ते आपटलंही नाही.

काका स्टुलावर बसले. थोरलीचं खोकं पायाशी होतं. संपलं, त्यांना वाटलं. आता हे खोकं शेवटचं बंद करायचं आणि घरी जाऊन काकूंना सांगायचं की डबा रिकामा केला तरी चालेल. त्यांनी देवाला एवढंच विचारलं: मी केलं ते प्रेमाने केलं, हे तुला ठाऊक आहे ना? मग झालं. त्याला नाही कळलं तरी चालेल.

दार अर्धं उघडलं. "खुंट्या. बाहेर ये."

बाहेर मागच्या अंगणात उतरणाऱ्या सिमेंटच्या पायऱ्या होत्या. तोफ्या तिसऱ्या पायरीवर बसला होता. काका गुडघ्यावर हात देत त्याच्या शेजारी टेकले. समोर भिंतीला टेकून एक सायकल उभी होती. तोफ्याने तिच्याकडे बघतच विचारलं.

"डोकं कुणाचं हे? तुझं तर नाही. तुझ्यात एवढा आगाऊपणा नाही."

काकांनी अंगठ्याने नख खरवडलं. "खर्ज्याचं."

तोफ्याची मान झटकन वळली. "खोटं."

"देवाशपथ."

"काय म्हणाला? शब्दाला शब्द सांग."

काकांना ते शब्द आठवावे लागले नाहीत. "म्हणाला, तोफ्याचा गळा आता वर जायचा नाही. वरून तो आपल्याला हाका मारत बसेल आणि एक दिवस पडेल. त्यापेक्षा आपण सगळे गुपचूप एक पायरी उतरू. तो असेल तिथे आपण असलो, की त्याला वाटेल आपण वरच आहोत."

तोफ्याने तोंडावरून हात फिरवला. एकदा, दोनदा. मग फिरवायचं थांबवून तो हात तसाच डोळ्यांवर ठेवला.

"आणि मी मूर्ख," तो म्हणाला, "त्याला त्याच पट्टीत ऐकवायला निघालो होतो."

"त्याला पट्टीचं काही नव्हतं रे."

"दुसऱ्यांदा उतरवलीस, तेव्हा तो काही म्हणाला होता?"

"नाही. तेव्हा माझं मला कळलं."

"कसं?"

"तुझं निरूपण लांबायला लागलं. तीन मिनिटांचं सात मिनिटांवर गेलं. म्हटलं, हा श्वास गोळा करतोय."

तोफ्या हसला. हसता हसता खोकला. "बारा वर्षं. बारा वर्षं छाती बडवून सांगतोय मी, पांढरी तीन, पांढरी तीन! आणि हे सगळे मागे तोंड दाबून..."

"कुणी हसलं नाही, तोफ्या. एकदाही नाही."

तोफ्याने काकांच्या खिशाकडे बोट केलं. शर्टाच्या खिशातून एक बारीक तार मिशीच्या केसासारखी बाहेर डोकावत होती.

"हे काय?"

"नऊच्या. आजच्या पाकिटातल्या खऱ्या. सकाळी घाईत खिशातच राहिल्या."

तोफ्याने हात पुढे केला. काकांनी वेटोळी त्याच्या तळव्यावर ठेवली. अंड्यातून निघालेल्या पिलाला धरावं तशी त्याने ती धरली. नखाने छेडून पाहिली.

"एवढ्या पातळ असतात?"

"असतात."

"या पांढरी तीनवर लावल्या, तर खाली दोनवर आणता येतील? गाता गाता?"

"येतील. पण सैल पडतील. रडक्या वाजतील."

"वाजू देत." तोफ्या उठला आणि उठता उठता त्याने काकांच्या काखेत हात घालून त्यांनाही उठवलं. "पहिलं कडवं तिथे. दुसरं अर्ध्या स्वराने खाली. तिसरं जिथे मी आहे तिथे. मधे तू उतरव. तिथेच, माइकसमोर, सहाबोट्याच्या हातात असतानाच."

"अरे, पण ऐकू येईल! तार घसरताना, खुंटी फिरताना, सगळं येईल टेपवर."

"तेच तर म्हणतोय मी."

"लोक म्हणतील, गिटार उतरली."

"उतरलीच आहे ना?"

आत गेल्यावर रेकॉर्डिस्टने ऐकून घेतलं. केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली आणि उठून एक छोटा मायक्रोफोन थोरलीच्या मानेपाशी, खुंट्यांच्या अगदी जवळ लावला. तिला दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही.

काकांनी पातळ तारा चढवल्यावर सहाबोट्या खुर्चीवर बसला. त्याच्या डाव्या हाताशी काका गुडघे टेकून बसले. या गुडघ्यांना गेली सहा वर्षं खाली बसण्याची मनाई होती. धबाड्याने आपली टोपी घडी करून त्यांच्या एका गुडघ्याखाली सरकवली आणि मागे जाऊन भिंतीशी उभा राहिला. अडतीस वर्षांत काका पहिल्यांदाच पडद्याच्या पुढे होते. समोर काच होती, काचेत ते स्वतः होते, आणि त्यांना वाटलं, हा म्हातारा इथे काय करतोय?

टेपवरचा आलाप आला. खर्ज्या खाली, तोफ्या वर, दोघंही चोवीस वर्षांचे. तो विरला, आणि त्यातून बासष्ट वर्षांचा तोफ्या उगवला. पहिलं कडवं त्याच जुन्या पट्टीत, नव्या पातळ तारांवर, लख्ख. शेवटचा शब्द संपला.

इथे दर वेळी तोफ्या बोलायला लागत असे. काकांना वेळ मिळावा म्हणून, स्वतःचा श्वास भरावा म्हणून, शांततेची त्याला भीती वाटत असे म्हणूनही. काकांनी सवयीने वाट पाहिली. तोफ्याचे ओठ हललेसुद्धा. मग त्याने ते मिटले आणि काकांकडे पाहून मान हलवली.

काकांनी देवाचं नाव घेतलं आणि पहिली खुंटी फिरवली. सहाबोट्याने तार छेडली. सूर घसरला, थांबला. दुसरी. तिसरी. एकेक तार म्हातारा माणूस उतरतो तशी कठडा धरून पायरी उतरत होती. सहावी उतरून पोचली आणि सहाच्या सहा एकत्र वाजल्या तेव्हा त्यांत केसभर फट नव्हती. सूर मोजायचा मीटर नव्हता, काही नव्हतं. कान होता.

तोफ्या दुसरं कडवं गायला. पुन्हा शांतता. पुन्हा सहा पायऱ्या. तारा आता सैल झाल्या होत्या, थरथरत होत्या, आणि तोफ्याच्या आवाजातली थरथर त्यांत मिसळली तेव्हा कुठली कुणाची, हे सांगता येत नव्हतं. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी तो सूर आला. वरचा नव्हे, आता इथला. तोफ्याने मान उचलली नाही. समोर बघत, कुणाशी तरी बोलावं तसा तो सूर त्याने लावला, आणि तो लागला. भरून, पुरून, शेवटपर्यंत.

खालची जागा रिकामीच होती. पण तोफ्या सूर सोडताना खाली वाकला, जणू कुणाच्या खांद्यावर ठेवतोय.

पुढे पाच महिन्यांनी तबकडी आली. खुंटीकाकांनी ती दुपारी जेवणं आटोपल्यावर लावली. काकूंना गाण्याबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की संथ आहे आणि डोकं दुखायचं नाही. काकू खिडकीपाशी उजेडात बसून काकांच्या शर्टाला गुंडी लावत होत्या. किटलीचा उपयोग आता चहापुरताच होता. तारांचा डबा धबाड्या घेऊन गेला होता, मळ्यातल्या वेलांना बांधायला.

आलाप आला. पहिलं कडवं आलं. काकू सुई ओवत होत्या.

"हा तोफ्या का?" त्या म्हणाल्या. "बरा गातोय की. माणसासारखा."

कडवं संपलं. शांतता आली. पहिली तार घसरली. दुसरी घसरली.

आणि मग ती तिसरी खुंटी आवाज करत फिरली. बारीक, कुरकुरीत, एका टोकाला थोडी वर जाणारी किरकिर.

काकूंचा हात सुईसकट हवेत थांबला. त्या वळल्या नाहीत. चौथी, पाचवी, सहावी उतरेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, आणि तोफ्या पुन्हा गाऊ लागला तरीही.

"तेल घातलं नाहीतच ना शेवटी!" त्या म्हणाल्या.

"राहिलं," खुंटीकाका म्हणाले.

काकूंनी दोरा दातांनी तोडला, शर्ट मांडीवर नीट पसरला आणि त्यावरून हात फिरवला.

"थांबा. उठू नका," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा येईल ना ती?"